काचघरातली झेंडूची माळ

नोकरीच्या मुलाखतीत कोणी छंद विचारला, तर ‘वाचन’ म्हणावं आणि गप्प बसावं. मी ‘बागकाम’ म्हणालो. चिंचवडला आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांना एक गॅलरी होती. तिच्यात एक तुळस आणि वनस्पती तुपाच्या डब्यात लावलेला पुदिना, एवढंच माझं बागकाम. त्यालाही पाणी बायकोच घालायची. पण समोरच्या साहेबांनी मान डोलावली, मला नोकरी लागली, आणि तो शब्द मी विसरून गेलो. साहेब विसरले नाहीत.

सत्तरचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. भोसरीच्या बाजूला आमची कंपनी. लोखंड तापवून, ठोकून, कातून तिथे गाड्यांचे पार्ट तयार व्हायचे, आणि ते मोजायचं काम आमच्या इन्स्पेक्शन खात्याचं. माप बरोबर असलं की हिरवा खडू, चुकलं की लाल. लाल रेघ ओढली की मशीनवरचा माणूस माझ्याकडे असं बघायचा, की मी त्याच्या पोराला नापास केलंय. मला मात्र हे काम मनापासून आवडायचं. दोष दिसला की तो कुठून आला हे शोधत मागे मागे जायचं; या मशीनवरून त्या मशीनवर, तिथून भट्टीवर. स्वभावच माझा खोट काढणारा. घरी आमटी अळणी झाली तरी मी मिठाच्या बरणीपर्यंत तपास न्यायचो, आणि बायको म्हणायची, ‘‘खडू आणून देऊ का?’’

तर एका पावसाळ्यात मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. ‘‘तुम्हाला बागेची आवड आहे ना? काचघर बघा. इन्स्पेक्शन सांभाळून.’’

काचघर कँटीनच्या मागे होतं. कंपनी सुरू झाली तेव्हा मशीनं बसवायला एक परदेशी इंजिनियर आला होता. त्याच्या बायकोला इथे करमेना, म्हणून तिने मेंटेनन्सच्या लोकांकडून उरल्यासुरल्या लोखंडी अँगलांचा सांगाडा करवून त्याला काचा लावून घेतल्या. तिच्या देशात बर्फ पडतो, तिथे झाडांना ऊब लागते. आमच्याकडे एप्रिलात काचेची गरजच काय होती, हे बाईंना कोणी विचारलं नसावं. उन्हाळ्यात त्या घराला डोक्यावरून ओलं गोणपाट पांघरावं लागे. बाई गेल्या, पण त्यांची कार्नेशनची रोपं मागे राहिली. कात्रीने कातरल्यासारख्या पाकळ्यांची ती गुलाबी-पांढरी फुलं जानेवारीत ऐन भरात यायची. परदेशी पाहुणे यायचे ते त्याच दिवसांत. मग कुंड्यांची रांग रिसेप्शनमध्ये मांडायची, पाहुणे खूश, साहेब खूश. या खुशीवर काचघर उभं होतं.

पण त्या सुमारास वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या आमच्या स्टाफच्या स्कूटर एकेक करून यायला लागल्या होत्या. नवी कोरी स्कूटर उन्हात तापताना बघून लोकांचा जीव तुटायचा. शेड कुठे घालायची? ज्याची त्याची नजर काचघराच्या जागेवर. साहेबांची सुद्धा, कारण त्यांच्या मेहुण्याची स्कूटर त्याच उन्हात उभी असायची.

काचघराचा खरा धनी होता आमचा माळी. वयाने माझ्या दीडपट, मोशीच्या वाटेवरच्या वस्तीतून सायकलीने यायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. त्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती आणि बदल्यात नोकरी मिळाली होती. घराभोवती उरलेल्या तुकड्यात बायको भाजी आणि फुलं काढायची. कंपनीने आधी त्याला लोखंड ठोकायच्या हॅमर शॉपमध्ये घातलं होतं, उडालेल्या खपल्या गोळा करायला. त्या दिवसांबद्दल तो एवढंच म्हणायचा, ‘‘तितं मानूस मानसाशी बोलत न्हाई, साहेब. वरडतो.’’ काचघर मोडलं तर त्याची रवानगी पुन्हा तिथेच होणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

पहिले दोन महिने आमचं छान जमलं. पावसाळ्यात आधी मावा आला. हिरवे, मऊ, कोवळ्या शेंड्यांना लगडलेले किडे. कंपनीत ही बातमी फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. वेल्डर म्हणाला राख टाका. कँटीनचा आचारी म्हणाला ताक शिंपडा, आणि आमच्या वाट्याचं ताक त्या दिवसापासून अधिकच पातळ झालं. शेवटी कामी आली ती वॉचमन लोकांच्या बिड्यांची थोटकं. मामाने ती गोळा करून उकळली, त्यात साबणाचा चुरा घातला आणि फवारली. मावा गेला, पण काचघराला असा वास सुटला की रात्रपाळी संपवून दमलेला अख्खा वॉचमनवर्ग तिथे बसलाय असं वाटावं. मग पिठ्या ढेकूण आला, पांढऱ्या पिठाची चिमूट टाकल्यासारखा. त्याला आम्ही काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने टिपलं. मामा पानांच्या खालून आणि मी वरून, दोघं गप्पा मारत टिपत बसायचो. त्याच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा मला इथेच पहिल्यांदा मिळाला, आणि माझी पोळी त्याने खाल्ली ती माझ्यावरच्या दयेपोटी.

मग खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात हा सण घरापेक्षा कंपनीत मोठा. आदल्या दिवशी मशीनं बंद, कापडाने पुसून लखलखीत, दारात रांगोळ्या, प्रत्येक मशीनला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. कंपनी पोत्याने झेंडू मागवायची आणि मशीन मोजून माळा वाटायची. काचघरात मशीन नाही, म्हणून काचघराला माळ नाही. मामाला हे खपायचं नाही. तो घरून माळ आणायचा, बायकोने ओवलेली. अशी तशी नव्हे; दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत मधल्या पाइपावरून सोडली तरी दोन्ही टोकं लोंबायची. खाली पाटावर खुरपं, कात्री, झारी, फवारणीचा पंप. त्याने नारळ फोडला, मला पेढा दिला आणि हात जोडून बराच वेळ उभा राहिला.

‘‘ही कधी काढायची मामा?’’ मी विचारलं.

‘‘देवाची माळ काडायची नसती. वाळून आपसूक गळती, तवा गळती.’’

दिवाळीपर्यंत कार्नेशनची पानं फिकी पडली. आधी पानांवर सुईने टोचल्यासारखे पांढरे ठिपके, मग पिवळेपणा, मग तांबूस करपट. शेंड्यांना कोळिष्टकासारखं बारीक जाळं. लाल कोळी. मामा म्हणाला, दर साली येतो, ऑक्टोबरच्या उन्हानं येतो. माझ्याआधी काचघर बघणारे सगळे हेच म्हणत आले होते, आणि ऊन होतंच. मी दुकानातून माशा-किडे मारायची जालीम पावडर आणून भुरभुरली. कोळ्यांना आठ पाय. ते कीटकांच्या जातीतलेच नव्हेत, त्यामुळे त्यांना काही झालं नाही. त्यांना खाणारे छोटे किडे तेवढे मेले आणि कोळ्यांना रान मोकळं मिळालं. हे मला शेतकी कॉलेजातल्या एका ओळखीच्याने सांगितलं, तोवर जानेवारी उजाडला होता.

पाहुणे आले तेव्हा रिसेप्शनमध्ये आम्ही कुंड्या मांडल्या, त्या कुंड्या कसल्या, झाडू उलटे करून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. साहेब पाहुण्यांसमोर हसले आणि नंतर मला केबिनमध्ये घेऊन माझी बिनपाण्याने केली. वर म्हणाले, ‘‘पुढच्या जानेवारीत हेच दिसलं तर काचघर संपलं. तिथे शेड घालू. निदान स्कूटर तरी वाळायच्या नाहीत.’’

हे मामाला सांगायला गेलो तेव्हा तो मेलेली रोपं उपटत होता. हातातलं रोप बाजूला ठेवून म्हणाला, ‘‘हॅमर अजून तितंच हाय का, साहेब? का बदलला?’’ मला फार वाईट वाटलं. स्कूटरवाल्यांचा, साहेबांचा आणि त्या आठ पायांच्या जातीचा मला एकदम संताप आला.

वर्षभर मी उरलेली रोपं जपली, म्हणजे मामाने जपली आणि मी बघत राहिलो. बघणं हेच माझं काम. खात्यातलं दहापट मोठं दाखवणारं भिंग मी खिशात घालून यायचो. शेतकी कॉलेजवाल्याने एक युक्ती शिकवली होती: पानाखाली पांढरा कागद धरायचा आणि फांदी झटकायची. कागदावर धूळ पडते. धूळ चालायला लागली, तर ते कोळी. पुढची खंडेनवमी आली तोपर्यंत माझे कागद स्वच्छ होते. झाडं अशी तरारली होती की स्टाफमधले लोक डबा खाऊन मुद्दाम काचघराकडून चक्कर मारायचे. खंडेनवमीला मामाने पुन्हा माळ आणली, आधीपेक्षा घसघशीत. नारळ फुटला, पेढे झाले.

दोनेक आठवड्यांत एका कागदावरची धूळ चालली.

आता मात्र मी इन्स्पेक्टरसारखा वागायचं ठरवलं. ऊन म्हणे! ऊन काय एकाच कुंडीवर पडतं? रोज सकाळी मी प्रत्येक कुंडीचं रोप झटकायचो, आणि जिथे कोळी दिसेल त्या कुंडीवर लाल खडूची रेघ ओढायचो. पहिले काही दिवस रेघा कुठेही, कशाही वाटल्या. मग एकदा दुपारी मी कागद गोळा करून दारात आलो, वळून आत बघितलं आणि तिथेच थांबलो. लाल रेघांच्या कुंड्या एका ओळीत होत्या. दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत, मधोमध, सरळ. उन्हाच्या बाजूला एकही नाही. मी हळूच वर बघितलं.

वर पाइपावर माळ होती. अर्धी वाळलेली.

मी स्टुलावर चढलो, एक फूल कागदावर झटकलं आणि भिंग लावलं. कागदावर जत्रा भरली होती. झेंडू हे लाल कोळ्याचं आवडतं घर; फूल वाळायला लागलं की ते धाग्यांवरून खाली उतरतात आणि हिरवं मिळेल तिथे संसार थाटतात. दर वर्षी मामा आपल्या हातांनी, आंघोळ करून, हात जोडून त्यांना आत आणत होता.

दोष सापडला की मला आनंद व्हायचा. त्या दिवशी झाला नाही. हे त्या माणसाला सांगायचं कसं? घरी गेलो, अळणी आमटी तशीच ओरपली. बायकोने खोदून काढलं आणि म्हणाली, ‘‘सरळ सांगा. त्यांच्या घरची भाकरी खाता ना रोज? मग खरं बोलायला काय झालं?’’ तिला म्हणणं सोपं होतं. लोखंडाच्या पार्टावर लाल रेघ ओढणं वेगळं आणि एखाद्याच्या बायकोने देवासाठी ओवलेल्या माळेवर ओढणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी मी काचघरात गेलो. मामाच्या हातात भिंग दिलं, पुढे कागद धरला. त्याने पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

‘‘हे कुटलं?’’

मी वर बोट दाखवलं.

त्याचा चेहरा असा झाला की मला बोट खिशात घालावंसं वाटलं. ‘‘न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्या घरची न्हाईत ही. घरनं निघताना नव्हती.’’ मग आवाज चढला. ‘‘देवाच्या माळंत किडं हायती म्हंता? माझी बायको पहाटं न्हाऊन ववती ती. कंपनीतल्या मशीनींना पोत्यातली फुलं चालत्यात, आन् आमची चालत न्हाईत व्हय?’’

‘‘मामा, मशीनला पानं नसतात,’’ मी म्हणालो.

तो पंप उचलून निघून गेला. मग दिवसभर त्याने माझ्याशी अबोला धरला. संध्याकाळी सायकल काढताना तो परत फिरला, काचघराच्या दारात आला आणि माळेकडे न बघता म्हणाला, ‘‘म्या काडनार न्हाई. काडायची तर तुमी काडा. पर नुसती टाकायची न्हाई.’’

मी चढून माळ उतरवली. झटकली जाऊ नये म्हणून खाली प्लॅस्टिकची पिशवी धरून हळूहळू आत सोडली आणि तोंड घट्ट बांधलं. त्याने ती दोन्ही हातांत घेतली, सायकलच्या हँडलला अडकवली आणि आळंदीच्या रस्त्याला लागला, इंद्रायणीत सोडायला. लाल कोळ्यांनाही पाण्याइतकं वाईट दुसरं काही नाही, हे त्याला सांगावंसं मला वाटलं. पण त्या दिवसापुरतं माझं बोलणं पुष्कळ झालं होतं.

मग आम्ही रोपं धुतली. लाल रेघेच्या कुंड्या बाहेर काढल्या, करपलेले शेंडे कापून जाळले, गंधक फवारलं आणि सकाळ-दुपार पानांच्या खालच्या अंगाने जोरात पाणी मारलं. अबोला चालूच होता. मामा पाइप धरायचा, मी कुंडी फिरवायचो, आणि पाणी कुठे मारायचं याबद्दल तो बोलायचा, पण रोपाशी. ‘‘जरा फिरावं आता तिकडं,’’ असं तो कार्नेशनला सांगायचा आणि मी कुंडी फिरवायचो. फार राग आला असेल त्या दिवशी पाण्याचा फवारा माझ्या सदऱ्यावर यायचा. ओल्या कपड्यांनी मी इन्स्पेक्शनला परत गेलो की लोक विचारायचे, काय राव, कुठे पोहायला? पण माझ्या कागदांवरची धूळ दिवसेंदिवस कमी चालत गेली. एक दिवस थांबली.

जानेवारीत रिसेप्शनमध्ये कार्नेशन फुललं ते असं, की पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाठीमागे हात बांधून कुंड्यांची रांग एखाद्या पलटणीसारखी तपासली आणि साहेबांचा हात दोनदा हलवला. साहेबांनी आम्हाला शाबासकी दिली नाही. त्या आठवड्यात स्कूटर शेडचं सामान मात्र गेटजवळच्या मोकळ्या जागेत उतरलं. मी मामाला म्हणालो, ‘‘मामा, शेड तिकडे चाललीय.’’ तो म्हणाला, ‘‘चालू द्या.’’ आणि डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. कित्येक आठवड्यांनी ठेचा मिळाला. तोंड पोळलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळं ठेच्याचंच होतं असं मी म्हणणार नाही.

माळेचा विषय मात्र आमच्यात पुन्हा निघाला नाही. पुढची खंडेनवमी जवळ आली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. आणली तर आत घेऊ कशी? नाही आणली, तर दाराला काय लावणार? आंब्याच्या पानांचं तोरण सुचवावं असं ठरवून मी तीन वेळा काचघरापर्यंत गेलो आणि हवेबद्दल बोलून परत आलो. कंपनीकडून एक माळ मागून घेण्याचंही डोक्यात आलं होतं, पण ती लावणं म्हणजे त्याच्या तोंडावर चापट मारण्यासारखंच झालं असतं.

खंडेनवमीला सकाळी मी गेलो, तर पाट मांडलेला होता, खुरपं-कात्री धुऊन पुसून ठेवलेली होती, आणि मामा आत नव्हता. तो बाहेर उभा होता, दारापासून चांगला लांब, धुतलेलं धोतर नेसून. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली माळ. दुसऱ्या हातात पांढरा कागद.

‘‘झटका,’’ तो म्हणाला.

‘‘मामा, सणाच्या दिवशी कशाला...’’

‘‘झटका म्हंतो ना. आमच्या हिनं श्रावनापासनं झेंडूला रोज पानाखालनं पानी मारलंय. म्या नगं म्हनलं की अंगावर वसकन् यायची, म्हनायची, तुमच्या साहेबाला दावायचंच हाय मला.’’

मी माळ घेतली. तिचा प्रत्येक वीतभर भाग कागदावर झटकला, खात्यात कुठला पार्टही तपासला नसेल इतक्या नेटाने, कारण आता हलकं झटकणं हा त्या बाईचा अपमान झाला असता. पाकळ्या पडल्या, पराग पडला, थोडी माती पडली. भिंग लावून बसलो. मामा श्वास रोखून माझ्या डोक्यावर वाकलेला. त्याच्या कपाळाच्या गंधाचा वास मला येत होता. धूळ जिथल्या तिथे होती. मी पुन्हा पाहिलं, मनापासून वाटत होतं म्हणून पाहिलं, की काही हलू नये. काही हलत नव्हतं.

‘‘पास,’’ मी म्हणालो.

‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

मी खिशातून हिरवा खडू काढून दाराच्या चौकटीवर रेघ ओढली. मामाने तिच्यावर कुंकवाचं बोट लावलं. मग मी माळ त्याच्यापुढे धरली, तर त्याने हात मागे घेतले.

‘‘काडली कुनी व्हती?’’ तो म्हणाला. ‘‘तुमीच ना? मंग लावायची बी तुमीच.’’

मी चपला बाहेर काढून ठेवल्या आणि स्टुलावर चढलो. मामाने खालून स्टूल धरलं.